एकशेवीस डावे

बुर्ज हम्मूदच्या आमच्या गल्लीत वीज दोन तास येते,
कधी पहाटे तीनला, कधी घास तोंडात असताना.
आली की वार्तकेस शिलाई मशीनकडे धावतो,
सत्तरीचा माणूस,
पायात एक चप्पल, एक नाही.

वडिलांच्या वेळी म्हणे लग्नसराईत
दाराबाहेर बायकांची रांग लागायची.
मी तेव्हा कलबुतांशी खेळायचे.
लाकडी पाय, वर माणूसच नाही,
तरी प्रत्येकाला मी नाव ठेवलं होतं.

आता लिराचा भाव सकाळी एक, दुपारी दुसरा.
पगाराचा कागद मी पेन्सिलने लिहिते.
खोडून खोडून ह्रिप्सिमेच्या नावाखाली
तो इतका झिजलाय
की उजेडात धरला तर मागच्या पानावरचा
घादाचा आकडा दिसतो.

नऊ माणसं. पैसे सातांचे.
न्शानची बायको आठव्या महिन्यात.
मुलूचे पैसे गोंदरला जातात, तिथं चार तोंडं.
रात्री रबर हातात घेऊन बसते
आणि सकाळी तसंच खिशात घालून येते.

सकाळच्या कॉफीला सगळे माझ्याकडे बघतात.
विचारत कुणी नाही.
इतके दिवस मी म्हणायचे, होईल काहीतरी.
मंगळवारी तोंडातून निघून गेलं:
मला माहीत नाही.
कप खाली ठेवल्याचे आवाज.
मग घादा म्हणाली,
"बरं झालं. आम्हाला वाटत होतं
तुला माहीत आहे, आणि तू सांगत नाहीस."

तळांचं रबर मर्सिनला अडकलंय.
बँकेतले माझेच डॉलर बँक मला देत नाही.
अम्मानचा व्यापारी फोनवर म्हणतो,
ईदच्या आधी एकशेवीस जोड, एकदम.
एकोणिसावीस केलंत तर माल परत.
वार्तकेसने उरलेलं रबर रापीने मोजलं,
पुन्हा मोजलं, जणू दुसऱ्यांदा वाढणार होतं.
एकशेवीस तळ.
"म्हणजे साठ जोड," न्शान म्हणाला.

मी म्हटलं, नाही. सगळे डावे करा.

कुणाला वाटलं असेल, हिचं डोकं फिरलं.
पण साठ जोड फळीवर असते
तर एखाद्या रात्री घाबरून
मी ते मिळेल त्या भावात फुंकून टाकले असते.
मला मी ठाऊक आहे.
डावा एकटा कुणी विकत घेत नाही,
चोरसुद्धा उचलत नाही.

वार्तकेस हसला. किती महिन्यांनी.
"अर्शालुइस, तू स्वतःवरच पहारा बसवलास."
घादा नाही हसली.
साठ जोडांत आमचा एक महिना निघाला असता,
ती म्हणाली,
आणि आरी पुन्हा चामड्यात घातली.
तिचं खरं आहे.
माझंही खरं असेल, तर ते ईदनंतर कळेल.

टाके पडत राहिले. कुणी रेडिओ लावला,
कुणी बंद केला.
न्शान गुरुवारी आला नाही, मुलगी झाली.
शुक्रवारी आला, झोपेने डोळे लाल,
पगाराचं विचारलं नाही,
म्हणून मला त्याच्याकडे बघवेना.

आता फळीवर एकशेवीस डावे,
सगळ्यांची टोकं दाराकडे.
एकटा, तरी त्याला जोडाच म्हणायचं.
उजव्यांची चामडी कापून टोपलीत पडलीत,
चपटी, अजून कुठल्याच पायाची नाहीत.

जहाजाची खबर नाही.
रबर, खोडायचं ते, अजून माझ्या खिशात,
कोपरे गोल झालेत.

शटर ओढायला निघाले तर मागून मुलू:
नाड्या आत्ताच घालून ठेवू का,
की उजवे आल्यावर?

मी थोडा वेळ उभी राहिले.
घाल, म्हटलं.